कारागिराची छाती : मालकाकडची अमानत

बिबवेवाडीहून गंगाधामकडे आणि तेथून कोंढव्याकडे जाताना रस्त्याच्या आजूबाजूला छोटे छोटे कारखाने लागतात. कोठे फर्निचर बनते, कोठे लोखंडी जाळ्या आणि दरवाजे, कोठे गाड्यांचे डेंटिंग-पेंटिंग चालते, तर कोठे ग्रॅनाइट कापले जाते. यातील अनेक गाळ्यांत आपले बंधू मालक आहेत आणि कारागीरही आपलेच आहेत. याच भागात आमचाही फर्निचरचा लहानसा कारखाना आहे. उधारी, भाव आणि मालाची टंचाई हे आपले नेहमीचे विषय. आज ते बाजूला ठेवून ज्या हातांवर आपला धंदा उभा आहे, त्या हातांच्या आरोग्याविषयी लिहीत आहोत. दुसऱ्याला उपदेश करण्याआधी स्वतःची चूक सांगणे बरे, म्हणून सुरुवात तेथूनच करतो.

आमच्याकडे एक पॉलिशवाला कारागीर होता. हात इतका साफ की त्याने फवारलेल्या दरवाजात चेहरा दिसावा. सहा-सात वर्षे त्याने आमचे काम केले. मग त्याला रात्रीचा खोकला सुरू झाला. आम्ही खोकल्याचे औषध आणून दिले, दोन दिवस सुट्टी दिली, धुळीवर उतारा म्हणून गूळ खायला सांगितले. खोकला काही जाईना. बकरी ईदला तो वीस दिवस गावी गेला आणि तेथे खोकला आपोआप थांबला. परत आला, पॉलिशच्या हार्डनरचा डबा उघडला, आणि दुसऱ्याच रात्री दम लागून तो उठून बसला.

डॉक्टरांनी त्याला दोनच गोष्टी विचारल्या. काम काय करतोस, आणि सुट्टीत बरे वाटते का? त्यांचा निष्कर्ष असा की हा दमा कामातूनच आलेला आहे आणि या माणसाने पुन्हा स्प्रे गन हातात धरू नये. तिशी ओलांडलेल्या कारागिराला, ज्याला दुसरे काम येत नाही, हे सांगणे म्हणजे काय हे आपण समजू शकता. आम्ही त्याला फिटिंगच्या कामावर घेतले. पण त्याच शेडमध्ये दुसरा कोणी स्प्रे मारत असे, त्याच्या वासानेही त्याला दम लागे. अखेर तो गावी निघून गेला.

खरी शरमेची गोष्ट पुढेच आहे. कामगारांसाठीचे कर्मचारी राज्य विमा रुग्णालय याच बिबवेवाडीत आहे. आम्ही रोज त्याच्या जवळून जात-येत होतो. पण आमच्या कारागिराकडे विम्याचा क्रमांकच नव्हता. कारण कागदावर आमच्याकडे नऊ माणसे होती. प्रत्यक्षात अकरा होती. दोघांना आम्ही 'बाहेरचे' म्हणत होतो. दर महिन्याला थोडे पैसे वाचत होते आणि त्याला आम्ही व्यवहारचातुर्य समजत होतो. दोष ना कार्यालयाचा, ना रुग्णालयाचा. दोष आमचा होता.

धंद्यामुळे होणारा आजार कसा ओळखावा?

अपघात डोळ्यांना दिसतो. बोट कापले तर रक्त येते, सगळे धावतात. धंद्यामुळे होणारा आजार मात्र गुपचूप येतो. तो आज श्वासात जातो आणि पाच, दहा, कधी वीस वर्षांनी हिशेब मागतो. तोपर्यंत कारागीर दुसऱ्या कारखान्यात गेलेला असतो आणि कोणालाच आपली जबाबदारी वाटत नाही.

हे ज्ञान नवे नाही. इटलीतील वैद्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी इ. स. १७०० मध्ये कारागिरांच्या आजारांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. वैद्याने रोग्याला इतर प्रश्नांबरोबर त्याचा धंदाही विचारला पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. बेकरीवाले, कुंभार, धातूचे कारागीर, छपाईवाले अशा कितीतरी लोकांचे आजार त्यांनी त्यांच्या कामाशी जोडून दाखवले. तीनशे वर्षे झाली, तरी आपले कारागीर डॉक्टरकडे जातात तेव्हा धंदा सांगत नाहीत आणि बऱ्याच वेळा डॉक्टरही विचारत नाहीत.

म्हणून पहिली कसोटी लक्षात ठेवावी. सुट्टीच्या दिवशी किंवा गावी गेल्यावर त्रास कमी होतो आणि कामावर येताच वाढतो, तर संशय कामावर घ्यावा. दुसरी कसोटी : एकाच ठिकाणी काम करणाऱ्या दोन-तीन जणांना सारखाच त्रास असेल, तर तो योगायोग समजू नये.

कोणत्या धंद्यात काय जपावे?

*पॉलिश आणि स्प्रे पेंटिंग.* दोन डब्यांचे पीयू पॉलिश आणि गाड्यांचा दोन घटकांचा रंग यांच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाची रसायने असतात. फवारा मारला की ती छातीत जातात. सुरुवातीला काही जाणवत नाही. पण एकदा शरीराने त्यांची धास्ती घेतली की पुढे अगदी थोड्या वाफेनेही दम लागतो आणि ही सवय पुन्हा सुटत नाही. आमच्या कारागिराचे नेमके हेच झाले. थिनरच्या वाफेने डोके दुखते, चक्कर येते, आणि वर्षानुवर्षे ती घेतल्यास मेंदू व मज्जासंस्थेवर परिणाम होतो. साधा धुळीचा मास्क किंवा रुमाल वाफ अडवत नाही. त्यासाठी कोळशाचे कार्ट्रिज असलेला मुखवटा लागतो, आणि आयसोसायनेटच्या फवाऱ्यासाठी बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मुखवटा अधिक सुरक्षित. फवाऱ्याची जागा इतरांपासून वेगळी करून हवा बाहेर फेकणारा पंखा लावावा. कारागीर ताज्या हवेच्या बाजूला आणि माल पंख्याच्या बाजूला, अशी मांडणी ठेवावी. आमच्याकडे उलटे होते; फवारा कारागिराच्या तोंडावरून बाहेर जात असे.

*सुतारकाम.* लाकडाचा भुसा निरुपद्रवी समजला जातो. मात्र जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये लाकडाच्या धुळीचा समावेश माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांत केला. नाक व त्याभोवतालच्या पोकळ्यांचा हा कर्करोग दीर्घकाळाने होतो. दमा आणि सततची सर्दी तर त्याआधीच येते. एमडीएफ आणि प्लायमध्ये जो डिंक असतो, त्यातून फॉर्मल्डिहाइड वायू सुटतो. तोही याच यादीत आहे. सर्वांत वाईट सवय म्हणजे संध्याकाळी कॉम्प्रेसरच्या हवेने कपडे आणि मशीन झाडणे. खाली बसलेली बारीक धूळ त्यामुळे पुन्हा नाकासमोर येते. कटर आणि सँडरला धूळ ओढणारी नळी जोडावी आणि जमीन झाडण्यापूर्वी पाणी शिंपडावे.

*वेल्डिंग.* वेल्डिंगचा धूर हा कर्करोगकारक आहे, असा निष्कर्ष त्याच संस्थेने २०१७ मध्ये काढला. गॅल्व्हनाइज्ड पाइपवर वेल्डिंग केल्यास जस्ताचा धूर निघतो आणि संध्याकाळी थंडी वाजून ताप येतो. दुसऱ्या दिवशी तो उतरतो, म्हणून मलेरिया किंवा थकवा समजून दुर्लक्ष होते. जोडाच्या जागेचे जस्त आधी घासून काढावे. चेहरा धुराच्या लोटात वाकवू नये. धूर बाजूला नेणारा पंखा असावा. रस्त्यावर मिळणारा काळा चष्मा हे डोळ्यांचे संरक्षण नव्हे. योग्य काचेची ढाल हवी आणि शेजारच्या माणसांसाठी पडदाही हवा, कारण डोळ्यांत वाळू गेल्यासारखी रात्रभर होणारी जळजळ बघ्यांनाही होते.

*दगड आणि टाइल कापणे.* या धंद्यातला धोका सर्वांत गंभीर आहे. ग्रॅनाइटमध्ये सिलिका मोठ्या प्रमाणात असते आणि हल्ली स्वयंपाकघराच्या ओट्यासाठी लोकप्रिय असलेल्या कृत्रिम क्वार्ट्झ दगडात ती ९० टक्क्यांपर्यंत असू शकते. ही धूळ फुप्फुसात रुतून बसते. त्यातून होणाऱ्या सिलिकोसिसवर इलाज नाही. खोकला, वजन घटणे, दम लागणे ही लक्षणे क्षयासारखीच असल्याने कित्येकांवर क्षयाचेच उपचार होत राहतात. शिवाय सिलिकोसिस झालेल्याला क्षय होण्याचा धोकाही जास्त. तरुण कारागिरांत हा आजार दिसू लागल्याने ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून कृत्रिम दगडाच्या ओट्यांवर बंदी घातली. आपल्याकडे बंदी नाही, म्हणून जबाबदारी अधिक. दगड कधीही कोरडा कापू नये. पात्यावर पाण्याची धार असली की धूळ बरीचशी जागीच बसते. या एका साध्या गोष्टीने माणसाचे आयुष्य वाचू शकते.

*बॅटरी आणि शिसे.* बॅटरी दुरुस्ती किंवा रेडिएटरच्या डागकामात शिसे हाताला लागते आणि हातावरून तोंडात जाते. पोटात कळा, थकवा, रक्त कमी होणे, हातातील शक्ती जाणे ही त्याची लक्षणे. त्याहून भयंकर म्हणजे कामाच्या कपड्यांवरून शिसे घरी जाते आणि लहान मुलांच्या वाढत्या मेंदूला इजा करते. कामाच्या जागी चहा-नाश्ता नको, विडी-तंबाखू नको. आपण वुजूसाठी पाण्याची सोय करतोच. त्याच जागी साबण ठेवावा, कारण नुसत्या पाण्याने शिसे जात नाही. कामाचे कपडे कामावरच बदलावेत आणि रक्तातील शिशाची तपासणी अधूनमधून करून घ्यावी.

*बेकरी.* मैद्याची उडणारी धूळ हेही दम्याचे जुने कारण आहे. पिठाची गोणी उंचावरून ओतू नये, फडक्याने पीठ झटकू नये. भट्टीजवळ हवा खेळती ठेवावी आणि पाणी हाताशी असावे.

*आवाज.* हातभर अंतरावरील माणसाशी ओरडून बोलावे लागत असेल, तर आवाज कानाला घातक आहे असे समजावे. आपल्याकडील कारखाना नियमांची जुनी मर्यादा आठ तासांसाठी ९० डेसिबल आहे. ९५ वर ती चार तास आणि १०० वर दोन तासांवर येते. लाकूड कापणारे गोल पाते सहज शंभरच्या आसपास जाते. गेलेला कान परत येत नाही. कानातले बूच अगदी स्वस्त आहे.

पोत्याखालचा माणूस

बिबवेवाडीला लागूनच गुलटेकडीचे मार्केट यार्ड आहे. तेथील अनेक व्यापारी आमचे वाचक आहेत. हमालाची मान, कंबर आणि गुडघे झिजणे हाही धंद्यातून होणारा आजारच होय. पूर्वी शंभर किलोचे पोते एका माणसाच्या पाठीवर चढत असे. डॉ. बाबा आढाव हे स्वतः वैद्यकीय व्यवसायातील. त्यांनी १९५५ मध्ये पुण्यात हमाल पंचायत उभी केली. पोत्याचे वजन कमी व्हावे ही तिची एक प्रमुख मागणी राहिली. १९६९ मध्ये महाराष्ट्रात माथाडी कायदा आला. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ च्या आपल्या शिफारशीत प्रौढ पुरुषाने उचलण्याच्या वजनाची मर्यादा ५५ किलोपर्यंत आणावी असे सुचवले आहे. आपल्या गोदामात याहून जड पोते असेल, तर ते दोघांनी उचलावे किंवा हातगाडी घ्यावी. एका हातगाडीची किंमत ही एका माणसाच्या कमरेच्या किमतीपेक्षा खूपच कमी आहे.

दूध, गूळ आणि मास्क

धुळीत काम करणाऱ्याला गूळ आणि धुरात काम करणाऱ्याला दूध किंवा केळी द्यावीत, अशी आपल्याकडे पक्की समजूत आहे. आम्हीही वर्षानुवर्षे तेच केले. दूध-गूळ हे अन्न आहे, ते जरूर द्यावे. पण अन्न पोटात जाते आणि धूळ फुप्फुसात. पोटातील गूळ फुप्फुसातील सिलिका ओढून काढत नाही. या समजुतीचे खरे नुकसान असे की गूळ वाटला की आपले कर्तव्य झाले, असे मालकाला वाटते आणि पंखा लावायचा राहून जातो.

दुसरी समजूत मास्कविषयी आहे. मास्क हा शेवटचा उपाय होय, पहिला नव्हे. पहिली पायरी : घातक वस्तूच बदलता येते का ते पाहणे, जसे हार्डनरच्या पॉलिशऐवजी शक्य तेथे पाण्यात मिसळणारे पॉलिश. दुसरी : धूळ-धूर जेथे निर्माण होतो तेथेच पाण्याने, नळीने किंवा पंख्याने रोखणे. तिसरी : एकाच माणसाला दिवसभर त्या कामावर न ठेवणे, आणि बाकीच्यांना त्या जागेपासून दूर ठेवणे. या तीन पायऱ्यांनंतर जे उरेल त्यासाठी मास्क. धुळीसाठी एन-९५ दर्जाचा मास्क असावा. रुमालाने किंवा गमछ्याने बारीक धूळ अडत नाही.

येथे एक गोष्ट आपल्या कारागिरांसाठी मुद्दाम सांगावी लागेल. मास्क चेहऱ्याला घट्ट चिकटला तरच काम करतो. दाढी असेल तेथे फट राहते आणि हवा त्या फटीतूनच आत जाते. दाढी सुन्नत आहे, ती ठेवणाऱ्याला कोणी ती काढायला सांगू नये. पण मग मालकाची जबाबदारी दुप्पट होते. त्याने जागीच धूळ ओढणाऱ्या यंत्रावर अधिक खर्च करावा, किंवा डोक्यावरून येणारी, पंख्याने गाळलेली हवा आत सोडणारी सैल टोपी घ्यावी. अशा टोपीला दाढीची अडचण होत नाही. ती महाग आहे, हे खरे. पण फवाऱ्याचे काम करणारे माणसे कारखान्यात एक-दोनच असतात.

विमा : खर्च किती, आधार किती?

आता हिशेबाकडे येऊ. कर्मचारी राज्य विमा योजना १९४८ च्या कायद्यातून आली आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे सुरू झाली. दहा किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेला ती लागू होते. १ जानेवारी २०१७ पासून महिना २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्या कामगारांसाठी ती ठरवण्यात आली. वर्गणीचे दर जुलै २०१९ मध्ये कमी होऊन मालकाचे ३.२५ टक्के आणि कामगाराचे ०.७५ टक्के झाले.

समजा, कारागिराचे वेतन १८,००० रुपये आहे. मालकाचे ५८५ रुपये, कारागिराचे १३५ रुपये, एकूण ७२० रुपये. या मोबदल्यात त्याला आणि त्याच्या कुटुंबाला औषधोपचार मिळतो. आजारपणात ठरलेल्या अटींवर वर्षात ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के, म्हणजे या उदाहरणात महिना सुमारे १२,६०० रुपये मिळतात. काही ठरावीक दीर्घ आजारांत हा आधार आणखी लांबतो. कामावरील इजेने किंवा धंद्याच्या आजाराने तात्पुरते अपंगत्व आले तर ९० टक्के, म्हणजे सुमारे १६,२०० रुपये मिळतात, आणि ते अपंगत्व असेपर्यंत मिळतात. कारागीर बाहेरगावचा असेल आणि कुटुंब गावी राहत असेल, तर कुटुंबाला तेथील विमा दवाखान्यात उपचार घेण्याची सोय करता येते. आमच्या पॉलिशवाल्याच्या घरी हा आधार पोहोचला असता. महिना पाच-सहाशे रुपये वाचवण्यासाठी आम्ही तो तोडला.

माणसे मोजताना कंत्राटी, हंगामी, रोजंदारीचे सगळे धरावे लागतात. मागील बारा महिन्यांत एखाद्या दिवशी दहा माणसे कामावर असली तरी योजना लागू होते आणि पुढे संख्या घटली तरी ती सुटत नाही. तेव्हा 'कागदावर नऊ' हा हिशेब कायद्यातही चुकीचा आहे. नोंदणी आता संगणकावरून होते. वर्गणी पुढील महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायची असते. विमा महामंडळाचे पुण्यातील उपप्रादेशिक कार्यालय, पंचदीप भवन, बिबवेवाडीतच आहे. शंका असेल तर तेथे जाऊन समक्ष विचारून घ्यावे. दलालावर विसंबू नये.

ज्यांच्याकडे खरोखरच दहापेक्षा कमी माणसे आहेत, त्यांनी सुटलो असे समजू नये. चार नव्या श्रमसंहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या आहेत. त्यांतील सामाजिक सुरक्षा संहितेप्रमाणे लहान आस्थापनेलाही मालक आणि बहुसंख्य कामगार यांच्या संमतीने या विम्यात येता येते. विमा नसेल, तर कामावरील इजेची भरपाई थेट मालकाच्या खिशातून द्यावी लागते. १९२३ च्या जुन्या भरपाई कायद्यापासूनच धंद्याच्या आजारांची यादी आहे. यादीतील आजार कामामुळे झाला की तो अपघाताइतकाच मानला जातो. शिशाची बाधा, आवाजाने आलेला बहिरेपणा, सिलिकोसिस हे त्या यादीतले आजार. नव्या सुरक्षा व आरोग्यविषयक संहितेत ठरावीक वयाच्या व वर्गाच्या कामगारांची वार्षिक तपासणी मालकाने मोफत करावी, अशीही तरतूद आहे.

आणि कायद्याच्याही वर एक निकाल आहे. अॅस्बेस्टॉसच्या कारखान्यांतील कामगारांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये सांगितले की कामगाराचे आरोग्य हा घटनेच्या २१ व्या कलमातील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. म्हणजे कारागिराचे फुप्फुस जपणे हे मालकाचे उपकार नव्हेत. तो कारागिराचा हक्क आहे.

रमजानमधील काम

रमजान उन्हाळ्यात आला की भट्टी, वेल्डिंग आणि पत्र्याच्या शेडमधील काम यांचा विचार वेगळा करावा. सेहरीनंतर सकाळच्या थंड वेळेत जड आणि तापते काम उरकावे, दुपारी हलके काम द्यावे. चक्कर, मळमळ, घाम थांबणे, बोलण्यात गोंधळ ही उष्माघाताची लक्षणे आहेत. अशा वेळी माणसाला सावलीत आणून अंग ओले करावे आणि ताबडतोब दवाखान्यात न्यावे. शरीअतने आजाऱ्याला सवलत दिली आहे. मालकाने डिलिव्हरीच्या घाईपायी ती नाकारू नये. दम्याच्या रुग्णाने रोजात पंप घेण्याबद्दल डॉक्टर आणि आलिम या दोघांनाही आधीच विचारून घ्यावे, मनाने औषध बंद करू नये. कारखान्यातील बिगरमुस्लिम कारागिरांसाठी पिण्याचे पाणी रमजानमध्येही समोर असले पाहिजे.

या आठवड्यात काय करता येईल?

मोठे यंत्र लगेच परवडणार नाही, हे आम्ही जाणतो. पण काही गोष्टी याच आठवड्यात होतील. एक, प्रत्येक कारागिराला एकांतात विचारा : खोकला, दम, खाज, हाताला मुंग्या, ऐकू कमी येणे, यातले काही आहे का, आणि सुट्टीत कमी होते का? उत्तर वहीत तारखेसह लिहा. खरे सांगितले म्हणून कोणाचे काम जाणार नाही, असा शब्द आधी द्या. नाहीतर कोणी खरे सांगणार नाही. दोन, रंग, थिनर आणि हार्डनरच्या डब्यांवरील सूचना वाचा आणि दुकानदाराकडे त्या मालाचे सुरक्षा पत्रक मागा. तीन, कॉम्प्रेसरने कपडे झाडणे आणि कोरडा दगड कापणे आजपासून बंद करा. चार, खाण्याची जागा कामापासून वेगळी करा आणि साबण ठेवा. पाच, माणसे खरी मोजा.

कारागीर बंधूंनाही एक विनंती. डॉक्टरकडे जाल तेव्हा आपला धंदा स्वतःहून सांगा. कोणते रसायन, किती वर्षे, दिवसाला किती तास. मास्क दिला असेल तर तो गळ्यात लटकवू नका. उस्तादांनी हे आधी स्वतः पाळावे, कारण शागीर्द उस्तादाचे बोलणे कमी आणि वागणे जास्त शिकतो.

मजुराचा घाम वाळण्याआधी त्याची मजुरी द्यावी, ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आपण मोठ्या अभिमानाने सांगतो. हाताखालची माणसे आपले भाऊ आहेत, त्यांच्यावर कुवतीबाहेरचा बोजा टाकू नये आणि टाकावाच लागला तर स्वतः हात लावावा, हीही त्यांचीच शिकवण. स्वतःला किंवा दुसऱ्याला हानी पोहोचवू नये, हा तर शरीअतचा पायाभूत नियम. कारागीर सकाळी धडधाकट शरीर घेऊन आपल्या दारात येतो. मजुरी देऊन आपण त्याचे श्रम विकत घेतो, त्याचे फुप्फुस नव्हे. ते संध्याकाळी जसेच्या तसे घरी परत गेले पाहिजे.

आमच्या शेडमध्ये आता फवाऱ्याची वेगळी खोली आहे, पंखा योग्य बाजूला आहे आणि अकराच्या अकरा माणसांचे विमा क्रमांक आहेत. ज्याच्यामुळे आम्ही हे शिकलो, तो मात्र त्यांत नाही. ईदला त्याचा फोन येतो. बोलताना मध्येच त्याला थांबावे लागते, आणि तो थांबतो तेवढा वेळ आम्हालाही काही बोलता येत नाही. अल्लाह त्याला शिफा देवो, आणि आपणा सर्व मालकांना वेळेवर समज देवो.